भेकाच्या मूत्राशयातून पाणी कसे वाहते आणि संप्रेरक त्यात नेमके काय करते

प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पाठ्यपुस्तकात म्हटले आहे की मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीच्या मागच्या भागातील संप्रेरकामुळे (व्हॅसोप्रेसिनमुळे) भेकाच्या, म्हणजे खरखरीत कातडीच्या बेडकाच्या (टोडच्या), मूत्राशयातून पाणी शोषले जाते, आणि त्याच संप्रेरकामुळे सोडियमचे शोषणही वाढते. मग सोडियम आधी जातो आणि पाणी त्याच्या मागोमाग जाते, असे समजायचे का? की संप्रेरक पाण्यालाच ओढून घेते? आणि हे सारे समजण्यासाठी मूत्रपिंड सोडून मूत्राशयच का निवडले गेले?

पहिल्या दोन्ही शक्यता चुकीच्या आहेत, हे आधीच सांगून टाकतो, कारण या विषयातले बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतात. पाणी वाहते ते पटलाच्या दोन बाजूंच्या द्रावणांतील संहतीच्या (विरघळलेल्या क्षारांच्या प्रमाणाच्या) फरकामुळे, म्हणजे परासरणाने. संप्रेरक त्या फरकात काहीही भर घालत नाही. ते फक्त पेशीच्या मूत्राकडील पटलात पाण्याला जाता येईल अशा वाटा आणून बसवते. सोडियमचे वहन हे त्याच संप्रेरकाचे दुसरे, वेगळे काम आहे. ही विभागणी प्रयोगांनी कशी सिद्ध झाली, ते पायरीपायरीने पाहू.

सुरुवात प्राण्यापासून करायला हवी. उभयचरांच्या मूत्रपिंडात सस्तन प्राण्यांसारखा हेन्लेचा पाश (मूत्र घट्ट करण्यास मदत करणारा नलिकेचा वळसा) नसतो, त्यामुळे रक्तापेक्षा अधिक संहत मूत्र तयार करणे त्यांना जमत नाही. बेडूक गोड्या पाण्यात असताना त्याच्या कातडीतून पाणी सतत आत शिरत असते आणि मूत्रपिंड ते पातळ मूत्राच्या रूपाने बाहेर टाकत असते. हाच प्राणी जमिनीवर आला की परिस्थिती उलटते. आता कातडीतून पाणी उडून जाते आणि मूत्रपिंडाला मूत्र घट्ट करून पाणी वाचवता येत नाही. अशा वेळी मूत्राशयात साठलेले पातळ मूत्र हीच त्याची शिदोरी असते. कोरड्या प्रदेशांत राहणाऱ्या जातींमध्ये ही शिदोरी फार मोठी असते. ऑस्ट्रेलियातील ‘सायक्लोराना’ गटातील जमिनीत गाडून घेणाऱ्या बेडकांच्या मूत्राशयात शरीराच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास मूत्र मावू शकते, आणि दुष्काळात तिथले आदिवासी हे बेडूक खणून काढून त्यांतले पाणी पीत असत. उलट, आयुष्यभर पाण्यातच राहणाऱ्या ‘झेनोपस’ या बेडकाचे मूत्राशय लहान असते आणि संप्रेरकाला त्याचा प्रतिसादही किरकोळ असतो. ज्याला साठवणीची गरज नाही, त्याच्याकडे कोठारही नाही आणि कोठाराची किल्लीही नाही.

पियूषिकेचा आणि बेडकाच्या पाण्याचा संबंध प्रथम ब्रून यांनी १९२१ मध्ये दाखवला. पियूषिकेच्या मागच्या भागाचा अर्क टोचलेल्या बेडकांचे वजन पाण्यात ठेवल्यावर वाढत गेले. या परिणामाला आजही ‘ब्रून परिणाम’ असेच म्हणतात. पुढे उलगडले की यात तीन अवयव एकाच वेळी काम करतात: मूत्रपिंडात गाळण कमी होते, पोटाखालच्या आणि मांड्यांच्या आतल्या बाजूच्या कातडीतून पाणी जास्त शोषले जाते (बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, तो या कातडीने पितो), आणि मूत्राशयातील पाणी रक्तात परत घेतले जाते. मूत्राशयाचा हा वाटा ईवर यांच्या १९५२ च्या भेकांवरील कामातून पुढे आला.

आता ‘मूत्राशयच का’ या प्रश्नाकडे येऊ. मूत्रपिंडाच्या ज्या संग्राहक नलिकेवर हे संप्रेरक आपल्या शरीरात काम करते, ती केसाहून बारीक असते आणि शेकडो इतर नलिकांमध्ये गुंतलेली असते. भेकाचे मूत्राशय मात्र एका पातळ, जवळजवळ पारदर्शक पिशवीसारखे असते; एका बाजूला मूत्र, दुसऱ्या बाजूला रक्त आणि मध्ये अभिस्तर पेशींचा एक पातळ थर. शिवाय ते दोन खंडांचे असते, म्हणून एकाच प्राण्याचा एक खंड प्रयोगासाठी आणि दुसरा तुलनेसाठी वापरता येतो. प्राण्याप्राण्यांतला फरक त्यामुळे आपोआप बाजूला पडतो. ज्यांनी जिवंत ऊतींवर काम केले आहे त्यांना ही सोय किती मोलाची आहे ते वेगळे सांगायला नको.

पी. जे. बेंटली यांनी १९५८ मध्ये ‘बुफो मरायनस’ या मोठ्या अमेरिकी भेकाच्या मूत्राशयावर केलेला प्रयोग मला शरीरक्रियाशास्त्रातल्या सर्वांत स्वच्छ प्रयोगांपैकी एक वाटतो. मूत्राशयाचा खंड काचेच्या नळीच्या टोकाला बांधून त्याची पिशवी करायची. आत पाच ते दहा पट पातळ केलेले रिंगरचे द्रावण (शरीरद्रवाशी मिळतेजुळते क्षारांचे पाणी) भरायचे, म्हणजे ती मूत्राची जागा. आणि ती पिशवी पूर्ण संहतीच्या रिंगरच्या द्रावणात टांगून त्यात हवेचे बुडबुडे सोडत राहायचे, म्हणजे ती रक्ताची जागा. दर थोड्या वेळाने पिशवी उचलून, निथळवून, तिचे वजन करायचे. आतले पाणी बाहेर गेले तेवढे वजन घटते. एवढेच उपकरण. अर्थात हाताला सवय लागेपर्यंत यात बरेच बिघडते. गाठ सैल राहिली तर पिशवी गळते आणि ती गळती पाहणाऱ्याला संप्रेरकाचा परिणाम वाटू शकते. निथळवण्याचा वेळ प्रत्येक वेळी सारखा नसेल तर वजनातला फरक निव्वळ बाहेर चिकटलेल्या पाण्याचा असतो. म्हणून संप्रेरक घालण्यापूर्वीची किमान दोन-तीन वजने स्थिर आल्याशिवाय पुढे जायचे नाही, हा नियम आम्ही कटाक्षाने पाळत असू.

या प्रयोगात चार गोष्टी दिसतात. संप्रेरक नसताना, दोन्ही बाजूंच्या संहतीत भला मोठा फरक असूनही, पाणी अगदी थोडे जाते. मूत्राशय जवळजवळ जलरोधक असते. बाहेरच्या द्रावणात संप्रेरक घातले की काही मिनिटांत वजन झपाट्याने घटू लागते आणि जलवहन मूळच्या कितीतरी पट वाढते. तेच संप्रेरक पिशवीच्या आत, मूत्राच्या बाजूला, घातले तर काहीच होत नाही, कारण त्याचे ग्राही (त्याला पकडून निरोप आत देणारी प्रथिने) रक्ताकडील पटलावर असतात. आणि चौथी गोष्ट तुमच्या प्रश्नासाठी सर्वांत महत्त्वाची: आत आणि बाहेर सारख्याच संहतीचे द्रावण ठेवले, तर संप्रेरक घालूनही नजरेत भरेल असे जलवहन होत नाही. संप्रेरक पाण्याला ओढत असते, तर या स्थितीतही पिशवी हलकी व्हायला हवी होती.

याच चौथ्या निरीक्षणात ‘पाणी सोडियमच्या मागोमाग जाते’ या समजुतीचेही उत्तर दडलेले आहे. अलेक्झांडर लीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्येच दाखवले होते की हेच मूत्राशय सोडियमला ऊर्जा खर्चून रक्ताच्या बाजूला नेते आणि संप्रेरकामुळे हे वहनही वाढते. संहती दोन्हीकडे सारखी असतानाही सोडियम जातच असतो. हेज आणि लीफ यांनी १९६२ मध्ये पाहिले, तेव्हा सोडियमचे हे वहन जोरात चालू असूनही, संहतीचा फरक नसेल तर पाणी त्याच्यामागे उल्लेखनीय प्रमाणात जात नव्हते. पुढे औषधांनी ही दोन कामे आणखी स्पष्टपणे वेगळी केली. अमिलोराइड मूत्राच्या बाजूला घातले की सोडियमचे वहन बंद पडते, हे १९६८ मध्ये बेंटलींनीच दाखवले; पण संप्रेरकाला मिळणारा पाण्याचा प्रतिसाद त्यामुळे थांबत नाही. उलट दिशेचा पुरावाही आहे. पीटरसन आणि एडेलमन यांनी १९६४ मध्ये रक्ताच्या बाजूचे कॅल्शियम बरेच वाढवले, तेव्हा पाण्याचा प्रतिसाद दबला, पण सोडियमचा प्रतिसाद टिकून राहिला. एक थांबवले तर दुसरे चालू राहते आणि दुसरे थांबवले तर पहिले चालू राहते, तेव्हा त्या दोन वाटा वेगळ्याच असल्या पाहिजेत.

इथे अल्डोस्टेरोनचाही उल्लेख करतो, कारण परीक्षेच्या उत्तरांत तो हमखास या संप्रेरकाशी मिसळला जातो. अल्डोस्टेरोन हे स्टेरॉइड आहे. तेही भेकाच्या मूत्राशयात सोडियमचे वहन वाढवते, पण तासभर किंवा त्याहूनही जास्त उशिराने, कारण आधी पेशीच्या केंद्रकातून नवी प्रथिने तयार करण्याचा आदेश निघावा लागतो. अ‍ॅक्टिनोमायसिन देऊन ती प्रक्रिया अडवली की परिणामही अडतो. पियूषिकेच्या संप्रेरकाचा परिणाम काही मिनिटांत सुरू होतो आणि संप्रेरक धुऊन टाकले की थोड्या वेळात ओसरतो. एवढी घाई आणि एवढ्या लवकर माघार नवी प्रथिने घडवून होत नाही. पेशीत आधीपासून तयार असलेल्या साहित्याची फक्त जागा बदलत असली पाहिजे.

हे साहित्य कोणते, याच्या शोधाला बराच काळ लागला आणि मधल्या टप्प्यावर एक सुंदर गैरसमजही झाला. खुणा केलेल्या पाण्याचे रेणू पटलातून विसरणाने (रेणूंच्या स्वतःच्या स्वैर हालचालीने) किती वेगाने जातात हे मोजले, तेव्हा संप्रेरकामुळे ते विसरण दुपटीनेही वाढत नव्हते. परासरणाने वाहणारे पाणी मात्र कितीतरी पटींनी वाढत होते. कोएफोड-जॉन्सन आणि उसिंग यांनी १९५३ मध्ये बेडकाच्या कातडीवरील अशाच विसंगतीवरून असा निष्कर्ष काढला होता की संप्रेरक पटलातील छिद्रे मोठी करते, कारण रुंद छिद्रातून पाणी एकसंध प्रवाहासारखे वाहू शकते. मूत्राशयाच्या बाबतीत मात्र या हिशेबाने निघणारी छिद्रे एवढी रुंद होती की त्यांतून सोडियम आणि इतर लहान रेणू सहज निसटायला हवे होते, आणि ते निसटत नव्हते. दोष मोजणीत होता. पटलाला लागून असलेला द्रवाचा न ढवळला जाणारा थर, आणि पेशीथराखालची संयोजी ऊती, हेच विसरणाला अडवत होते. हेज आणि फ्रँकी यांनी १९७० मध्ये द्रावण जोरात ढवळून पाहिले, तेव्हा संप्रेरकामुळे विसरणही बरेच वाढलेले दिसले. रुंद छिद्रांची गरज उरली नाही. पाण्याच्या रेणूपुरतीच अरुंद, पण संख्येने पुष्कळ वाटा असल्या तरी सारे आकडे जुळत होते.

संप्रेरकामुळे युरियाची पारगम्यताही वाढते, म्हणून काही जण पाणी आणि युरिया एकाच छिद्रातून जातात असे मानत. पण फ्लोरेटिन हे द्रव्य युरियाची वाट अडवते आणि पाण्याची मोकळी ठेवते. म्हणजे एकाच संप्रेरकाने पाणी, सोडियम आणि युरिया अशा तीन वेगळ्या वाटांवर ताबा ठेवलेला आहे.

अडथळा नेमका कुठल्या पटलात आहे, हे सूक्ष्मदर्शकाने सांगितले. या अभिस्तरात कणमय पेशी, तंतुकणिकांनी भरलेल्या पेशी, श्लेष्मा स्रवणाऱ्या पेशी आणि तळाच्या पेशी असतात. रक्ताच्या बाजूचे द्रावण पातळ केले तर संप्रेरक नसतानाही पेशी फुगतात. मूत्राच्या बाजूचे पातळ असेल तर संप्रेरक आल्याशिवाय फुगत नाहीत. याचा अर्थ रक्ताकडील पटल पाण्याला कायमच मोकळे आहे आणि दार लावलेले आहे ते मूत्राकडील पटलात. डिबोना, सिव्हान आणि लीफ यांनी १९६९ मध्ये दाखवले की संप्रेरकानंतर फुगतात त्या फक्त कणमय पेशी.

रक्ताकडे आलेला निरोप पेशीच्या दुसऱ्या टोकाला पोहोचतो कसा? ऑरलॉफ आणि हँडलर यांनी १९६२ मध्ये संप्रेरकाऐवजी चक्रीय एएमपी हा पेशीच्या आत निरोप नेणारा लहान रेणू देऊन पाहिले आणि पाणी तसेच वाहू लागले. चक्रीय एएमपीचे विघटन रोखणाऱ्या थिओफिलिननेही तोच परिणाम दिला. सदरलँड यांनी यकृतातील साखरेच्या संदर्भात शोधलेला हा रेणू पाण्याच्या वहनातही दूताचे काम करतो, हा त्या काळी फार मोठा उलगडा होता. त्याच्यामुळे प्रथिन कायनेज हे विकर जागे होते आणि पुढची हालचाल सुरू होते. ही हालचाल शब्दशः हालचालच असते. १९७३ मध्ये टेलर आणि सहकाऱ्यांना आढळले की पेशीतील सूक्ष्मनलिका (पेशीतल्या वाहतुकीचे रूळ) मोडणारे कोल्चिसिन दिल्यावर पाण्याचा प्रतिसाद दबतो, सोडियमचा दबत नाही. म्हणजे पाण्याच्या वाटा कुठून तरी वाहून आणाव्या लागतात.

त्या वाटा प्रत्यक्ष दिसल्या त्या गोठवून फोडलेल्या पटलांच्या चित्रांत. शेव्हालिए, बुर्गे आणि ह्युगों यांनी १९७४ मध्ये बेडकाच्या, आणि कचाडोरियन, वेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये भेकाच्या मूत्राशयात पाहिले की संप्रेरक दिल्यावर मूत्राकडील पटलात कणांचे आखीव पुंजके दिसू लागतात. पुंजके जितके जास्त तितके जलवहन जास्त. आणि संहतीचा फरक नसताना, म्हणजे पाणी वाहत नसतानाही, पुंजके दिसतात. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे सर्वांत थेट उत्तर याच चित्रात आहे: वाट बांधून तयार आहे, पण उतार नाही म्हणून पाणी थांबलेले आहे. संप्रेरक नसताना हेच पुंजके पेशीच्या आत लांबट, नळीसारख्या पुटिकांच्या (पटलाने वेढलेल्या सूक्ष्म पिशव्यांच्या) भित्तीत सापडतात. संप्रेरक आले की या पुटिका पटलाला येऊन मिळतात, आणि ते गेले की पटलाचा तेवढा भाग पुन्हा आत ओढून घेतला जातो. वेड यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलेली ही ये-जा करणाऱ्या पटलाची कल्पना आज आपल्या मूत्रपिंडालाही जशीच्या तशी लागू होते.

पुंजक्यांतले प्रथिन कोणते, हे कळायला मात्र पीटर अ‍ॅग्रे यांच्या शोधाची वाट पाहावी लागली. तांबड्या रक्तपेशींतील एक प्रथिन बनवण्याचा आदेश (आरएनए) त्यांनी झेनोपसच्या अंडपेशीत घातला, आणि ती अंडपेशी पातळ द्रावणात फुगून फुटली. ही गोष्ट १९९२ ची. पुढे या कुळाला अ‍ॅक्वापोरिन हे नाव मिळाले आणि २००३ मध्ये अ‍ॅग्रे यांना रसायनशास्त्राचे नोबेल. सस्तन प्राण्यांच्या संग्राहक नलिकेत हे काम अ‍ॅक्वापोरिन-२ करते. जपानी वृक्षबेडकात त्याच्याशी नाते असलेली दोन प्रथिने सापडली, त्यांना एच-२ आणि एच-३ म्हणतात. मूत्राशयात एच-२ असते आणि पोटाखालच्या कातडीत दोन्ही असतात.

संप्रेरकाच्या नावाबद्दलही एक दुरुस्ती. पुस्तकांत भेकाच्या मूत्राशयासंबंधी ‘व्हॅसोप्रेसिन’ असे लिहिलेले असते, कारण प्रयोगशाळेत तेच वापरले जाई. भेकाचे स्वतःचे संप्रेरक अर्जिनिन व्हॅसोटोसिन आहे: नऊ अमिनो आम्लांची साखळी, जिचे कडे ऑक्सिटोसिनचे आणि शेपूट व्हॅसोप्रेसिनचे असते. विशेष म्हणजे दु विन्यो या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत हा रेणू आधी संकराच्या स्वरूपात कृत्रिमरीत्या बनवला गेला आणि त्यानंतर तो निसर्गात, सस्तन नसलेल्या पृष्ठवंशीयांत, सापडला. बेडूक आणि भेक यांच्यात या व्हॅसोटोसिनच्याच पूर्वरूपापासून (ज्या लांब साखळीतून ते कापून निघते तिच्यापासून) हायड्रिन नावाची आणखी पेप्टाइडे बनतात. ती १९८९ मध्ये सापडली. उभयचरांच्या मूत्राशयावर ती चांगली काम करतात, पण उंदरावर व्हॅसोप्रेसिनसारखा परिणाम करत नाहीत.

या यंत्रणेला लगामही आहेत. ऊतींतच तयार होणारे प्रोस्टाग्लँडिन ई हे द्रव्य संप्रेरकाचा परिणाम कमी करते, हे ऑरलॉफ, हँडलर आणि बर्गस्ट्रॉम यांनी १९६५ मध्ये दाखवले, आणि नॉरअ‍ॅड्रेनालिनही तो कमी करते. ऊती हाताळताना ताणली गेली की ती स्वतःच प्रोस्टाग्लँडिन तयार करते, म्हणून निष्काळजीपणे काढलेले मूत्राशय संप्रेरकाला मंद प्रतिसाद देते.

आपल्याकडच्या महाविद्यालयांत आता बेडकाचे विच्छेदन होत नाही, आणि ते योग्यच आहे. पण हा प्रयोग कागदावर सोडवता येतो. समजा, दोन्ही खंडांचे क्षेत्रफळ प्रत्येकी २० चौरस सेंटिमीटर आहे, आत पाचपट पातळ आणि बाहेर पूर्ण रिंगर आहे, म्हणजे संहतीचा फरक लिटरला सुमारे १८० मिलिऑस्मोल. अर्ध्या तासात संप्रेरक नसलेल्या खंडाचे वजन २० मिलिग्रॅमने आणि संप्रेरक असलेल्याचे ६०० मिलिग्रॅमने घटले. दुसऱ्या खंडातून दर चौरस सेंटिमीटरमागे दर सेकंदाला सुमारे ०.००००१६७ घन सेंटिमीटर पाणी गेले. त्याला संहतीच्या फरकाने (घन सेंटिमीटरला ०.०००१८ ऑस्मोल) आणि पाण्याच्या मोलर घनफळाने, म्हणजे १८ घन सेंटिमीटरने, भागले की पारगम्यता सेकंदाला सुमारे ०.००५ सेंटिमीटर येते, पहिल्या खंडाच्या तीसपट. सुरुवातीचा उतार दोन्ही खंडांत एकच होता. बदलली ती फक्त पारगम्यता.

आता पुढच्या अर्ध्या तासात दुसऱ्या खंडाची घट मंदावली, तर घाईने ‘संप्रेरकाचा परिणाम संपला’ असे लिहू नका. आतले पाणी गेल्यामुळे आतले द्रावण घट्ट झाले आहे आणि उतारच कमी झाला आहे. पिशवी रिकामी करून आत ताजे पातळ द्रावण भरा. वहन पूर्ववत झाले, तर वाटा जागेवरच होत्या. झाले नाही, तर पेशीने त्या परत आत घ्यायला सुरुवात केली आहे.